दोर तपासताना

रविवारी रात्री मी दोर तपासते.
चाळीस मीटर, बोटांमधून, हळू.
डोळे मिटलेले बरे. डोळ्यांना रंग दिसतो,
बोटांना आतली मऊ जागा कळते.

वर्तकनगरच्या या गॅलरीत तो पुरता मावत नाही,
म्हणून अर्धा बादलीत, अर्धा मांडीवर.
समोरच्या मोडकबाई विचारतात, अजून डोंगरच का गं?
तेवीस वर्षं विचारतायत.
आता तो प्रश्न नाही, नमस्कार आहे.

बँकेतल्या मुलानं व्यवसायाच्या रकान्यापाशी पेन थांबवलं होतं.
म्हणजे नक्की काय करता?
मुलांना येऊरला नेते, म्हटलं.
आणि?
परत आणते.
त्यानं 'गृहिणी' लिहिलं.

आज बेचाळीस मुलं. घोडबंदर रोडवरची शाळा,
कोऱ्या बुटांचा वास, पाठीवर तीन-तीन बाटल्या.
गेटवर गावितांनी डोकी मोजली एकदा, मी दोनदा.
पुढे काशी उंबरसाडा, पायात स्लिपर, हातात कोयती.
ती काही शिकवत नाही. थांबते फक्त.
ती थांबली की आपण बघायचं:
एक पान नसलेली कौशी, फांदीफांदीला निखारे.
मग ओहळाच्या वाळल्या चिखलात राहून गेलेलं पाऊल.
मांजर? एकीनं विचारलं.
मोठं, काशी म्हणाली, आणि चालू पडली.
मी जेवढे म्हणून कोर्स केले
त्यातल्या एकातही
एवढ्यावर थांबायला शिकवलं नव्हतं.

मग तो कातळ. बारा हात फक्त.
तनय चौतिसाव्या मजल्यावर राहतो,
रोज काचेतून खाली बघत दूध पितो.
कड्याशी आला आणि गुडघे त्याचे राहिले नाहीत.
खालून मुलं ओरडायला लागली, जमेल! जमेल!
शाळेच्या बाई फोन उंचावून उभ्या.

जमेल.
हा शब्द मी एकदा वापरलाय,
सोळा वर्षांपूर्वी, बेलापूरच्या टेकडीवर,
निहाल नावाच्या एका मुलासाठी.
त्याच्या घोट्यात अजून दोन स्क्रू आहेत.
दर दिवाळीला मेसेज येतो:
ताई, थंडीत दुखतं थोडं, बाकी मजेत.
त्या 'बाकी मजेत'चं काय करायचं
मला अजून कळलेलं नाही.

तर मी तनयच्या शेजारी बसले.
खाली नाही बघितलं, त्याच्याकडेही नाही.
मुंगळ्यांची रांग बघत राहिलो दोघं.
एकानं मेलेला पतंग ओढत आणला होता,
पंख दगडाच्या फटीत अडकत होता सारखा.
बऱ्याच वेळानं तो म्हणाला, मागून वाट आहे का?
आहे, म्हटलं. पण तीही चालावी लागते.
कड्यापासून दहा पावलं मागे आलो,
हार्नेसची बकलं त्याची त्यानं सोडली,
शेवटचं सोडताना हात थरथरत नव्हते.

संध्याकाळी वडिलांचा फोन.
पैसे भरलेत हो आम्ही, तो उतरलाच नाही म्हणे?
उतरला, म्हटलं. चालत.

सव्विसाव्या मीटरला बोट अडलं.
मागे गेले. पुढे आले.
हो, इथे गाभा बसलाय.
बाहेरून काही नाही, छान निळाभोर आहे.
आणखी दोन-चार बॅचेस काढेल, असं कुणीही म्हणेल.
मी म्हणत नाही.

या धंद्यात पेन्शन फक्त दोराला.
आमच्या बिल्डिंगच्या चारही मजल्यांवर
माझे निवृत्त दोर कपडे वाळवतात;
ज्यावर आत्ता कदमांच्या चादरी आहेत
त्यावरून कधीकाळी अख्खी नववी ब उतरली होती.

कात्री घेतली. मोडकबाईंना हाक मारली,
लांब दोरी मागत होता ना?
त्या आल्या, ओढून बघितली.
किती वजन घेईल गं?
कपड्यांचं घेईल, म्हटलं. माणसाचं आता नाही.
आणि कठड्याला धरून
उठले.